हरवलेल्या पावलांचा शोध

आठ-दहा दिवसांच्या बाळाला दोन्ही काखांत हात घालून उभे धरले आणि त्याचे तळवे पलंगाला जेमतेम टेकू दिले, की एक गंमत दिसते. बाळ चालू लागते. एक पाय गुडघ्यात वाकतो, वर उचलला जातो, पुढे पडतो, मग दुसरा. ज्याला अजून मान सावरता येत नाही, कूस बदलता येत नाही, ते मूल चक्क पावले टाकते! घरातल्या आजीबाई म्हणतात, ‘हे लवकर चालणार हो!’ पण बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की ही पावले नाहीशी होतात. उभे धरले तरी पाय नुसते लोंबतात किंवा जागीच रुततात. मग सात-आठ महिने काही नाही. नंतर धरून उभे राहणे, मग वर्षाच्या आसपास पहिले खरे पाऊल.

मधल्या काळात ती पावले कुठे गेली? प्रश्न बालिश वाटतो, पण त्याच्या उत्तरासाठी अमेरिकेतल्या बालविकास संशोधकांची निम्मी शतके खर्ची पडली. आणि शेवटी जे उत्तर मिळाले ते मेंदूच्या नकाशात नव्हते, वजनकाट्यावर होते.

गोष्ट १९३० च्या आसपास सुरू करू. मूल कसे वाढते याविषयी त्या काळी अमेरिकेत सर्वांत वजनदार शब्द होता येल विद्यापीठातल्या अर्नोल्ड गेझेल यांचा. त्यांचे म्हणणे असे, की कळीचे फूल व्हावे तसे मुलाचे चलनवलन आतल्या वेळापत्रकानुसार उमलते. बाहेरून शिकवून फारसे काही साधत नाही. १९२९ साली गेझेल आणि हेलन थॉम्प्सन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुळ्या बहिणींपैकी एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीला ५३ व्या आठवड्यापर्यंत काहीच शिकवले नाही, मग फक्त दोन आठवडे सराव दिला. दुसरी बघता बघता पहिलीच्या बरोबरीला आली. निष्कर्ष उघड होता : वेळ आली की येते, घाई करून उपयोग नाही. (पालकसभेत आपणही हे वाक्य कितीदा वापरतो! त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.)

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या बाल-रुग्णालयात मर्टल मॅकग्रॉ या संशोधिका काम करत होत्या. त्यांनीही जुळे निवडले, जॉनी आणि जिमी हे भाऊ. जॉनीला जन्मानंतर लवकरच नाना तऱ्हेचा सराव सुरू झाला. उतरणीवर चढणे, पोहणे, पायाला चाके बांधून स्केटिंगसुद्धा. जिमी बहुतेक वेळ पाळण्यात. १९३५ साली या जुळ्यांवरचे मॅकग्रॉबाईंचे पुस्तक निघाले. वर्षा-सव्वा वर्षाचे मूल स्केटिंग करते म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी दोघांना डोक्यावर घेतले. पण मॅकग्रॉबाईंच्या टिपणांत याहून शांत आणि मोलाचे काम होते. त्यांनी कित्येक बाळांची चालण्यापर्यंतची वाटचाल पायरी-पायरीने चित्रित केली. त्यात नवजात पावले होती, त्यांचे लोप पावणे होते, पुन्हा येणेही होते.

हा लोप समजावून देताना त्यांनी मेंदूकडे बोट दाखवले. नवजात बाळाची पावले ही मेंदूच्या खालच्या, जुन्या भागाची आणि मज्जारज्जूची करामत. ती प्रतिक्षिप्त क्रिया होय. पुढे मेंदूचा वरचा थर परिपक्व होऊ लागतो आणि तो या आदिम हालचालींना लगाम घालतो. लगाम पक्का बसला की तोच थर स्वतः सूत्रे हाती घेतो आणि मूल इच्छेने चालू लागते. स्पष्टीकरण सुबक होते. मेंदूचा वरचा थर जन्मानंतर झपाट्याने विकसित होतो हे खरेच आहे, आणि मोठ्या माणसाच्या मेंदूला इजा झाली तर काही नवजात प्रतिक्षिप्त क्रिया पुन्हा डोके वर काढतात हेही खरे. म्हणून पुढची तीस-चाळीस वर्षे हे उत्तर पाठ्यपुस्तकांत जसेच्या तसे राहिले. यात एक गंमत नोंदवायला हवी. १९३९ साली मॅकग्रॉबाईंनी तान्ह्या बाळांच्या पोहण्यासारख्या हालचालींवर निबंध लिहिला होता. म्हणजे बाळे पाण्यात धरलेली होती, त्यांचे पाय पाण्यात हलत होते. पुढे ज्या पाण्याने कोडे सुटले, ते त्यांच्या प्रयोगशाळेत आधीच होते!

पहिला तडा १९७२ साली गेला. फिलिप झेलाझो, नॅन्सी झेलाझो आणि सारा कोल्ब यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. काही बाळांना दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत रोज एकंदर बारा मिनिटे उभे धरून पावले टाकू दिली. या बाळांची पावले लोपली नाहीत, उलट वाढली. ती बाळे पुढे चालूही थोडी लवकर लागली. बाळांची संख्या लहान होती, तेव्हा ‘लवकर चालली’ या भागावर फार भिस्त ठेवू नये. पण पहिला भाग पेच टाकणारा आहे. वरच्या थराने लगाम घालायचाच असेल, तर रोजच्या बारा मिनिटांनी तो सैल कसा पडला? झेलाझोंचे उत्तर होते की सरावामुळे प्रतिक्षिप्त क्रिया शिकलेल्या क्रियेत बदलली. म्हणजे तेही मेंदूतच शोधत होते.

आता या गोष्टीत एस्थर थेलेन येतात. त्या मूळच्या प्राणिशास्त्राच्या. वेळ काढून, हातात वही घेऊन प्राणी काय करतो ते मुकाट्याने पाहायचे, ही त्या शास्त्राची शिस्त. तीच त्यांनी मानवी बाळांना लावली. त्यांना दिसले, की उभे धरल्यावर ज्या बाळाचे पाय ढिम्म हलत नाहीत, तेच बाळ पाठीवर झोपवले की जोरजोराने पाय झाडते. हे तर प्रत्येक आईला ठाऊक आहे. दुपटे टिकू देत नाही म्हणून आपण तक्रारही करतो. थेलेनबाई आणि डोना फिशर यांनी या पाय झाडण्याचे चित्रण केले, स्नायूंतील विद्युत-क्रिया नोंदवली आणि ती नवजात पावलांशी ताडून पाहिली. १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही हालचाली एकच आहेत. कंबर, गुडघा आणि घोटा वाकण्याचा क्रम तोच, ताल तोच. म्हणजे पावले मुळी हरवलीच नव्हती. बाळ ती दिवसभर टाकत होते, फक्त आडवे पडून!

इथे मॅकग्रॉबाईंचे स्पष्टीकरण अडते. मेंदूने हालचालीला लगाम घातला असेल तर तो आडवे असताना का नाही? उभे आणि आडवे यांत बाळाच्या मेंदूत तर फरक पडत नाही. फरक पडतो तो पृथ्वीच्या ओढीच्या दिशेत.

जीवशास्त्राच्या तासाला भौतिकशास्त्र घुसवण्याची ही नामी संधी आहे, म्हणून थोडे थांबू. बाळ उभे असताना पाय सरळ खाली लोंबतो. मांडी वर उचलावी तसतसा पायाच्या वजनाचा कमरेभोवतीचा बलआघूर्ण वाढत जातो आणि मांडी आडवी झाली की तो सर्वांत जास्त होतो. म्हणजे पाऊल जितके उंच, तितके ओझे अधिक. पाठीवर झोपलेल्या बाळाचे उलट असते. त्याचे गुडघे बहुधा आधीच दुमडलेले, मांड्या अर्ध्या वर आलेल्या. तिथून मांडी पोटाकडे आणताना ती उभ्या रेषेच्या जवळ जाते, ओझे कमी होत जाते आणि उभी रेषा ओलांडली की गुरुत्वाकर्षणच मांडीला पोटाकडे ओढते. एकच हालचाल, पण एका स्थितीत चढण आणि दुसऱ्या स्थितीत उतार.

मग दोन महिन्यांतच ही चढण अवघड का व्हावी? कारण त्या काळात बाळ गुटगुटीत होते. जन्माचे वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होते आणि पहिल्या महिन्यांतील वाढीत चरबीचा वाटा मोठा असतो. मांड्यांना वळ्या पडतात. आपण कौतुकाने त्यांना चिमटे काढतो, पण त्या वळ्या उचलायच्या कोणी? स्नायूंचे बळ त्या वेगाने वाढलेले नसते. पाय जड झाला आणि उचलणारा मात्र अशक्तच राहिला.

ही नुसती कल्पना राहिली असती. थेलेन, फिशर आणि रॉबिन रिडली-जॉन्सन यांनी ती तपासली आणि १९८४ साली तीन प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. पहिल्यात बाळांना दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात पाहिले. ज्यांचे वजन भराभर वाढले त्यांची पावले अधिक घटली होती. दुसऱ्यात चार आठवड्यांच्या बाळांच्या पायांना छोटी वजने बांधली, पुढच्या आठवडा-पंधरवड्यात पायाचे वजन जेवढे वाढेल साधारण तेवढीच. पावले तिथल्या तिथे कमी झाली. तिसरा प्रयोग सर्वांत देखणा आहे. बाळाला कोमट पाण्यात छातीपर्यंत उभे धरले. पावले वाढली आणि पाय अधिक उंच उचलले जाऊ लागले!

विहिरीत तासभर पोहून पायऱ्यांवरून वर येताना पाय कसे शिशाचे वाटतात ते आठवा. पाय तेच असतात, तासाभरात त्यांचे वजन वाढलेले नसते. मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने पाण्यातल्या पायाचे जवळजवळ सगळे वजन प्लावक बल पेलते. वर येताना ते आपल्याला परत मिळते, एवढेच. आर्किमिडीजचा सिद्धांत शिकवताना आपण ताणकाट्याला दगड लावून तो पाण्यात बुडवून दाखवतो. त्याच तासाला बाळाच्या पायाची गोष्ट सांगितली तर ती वर्गाला पुष्कळ दिवस आठवेल. (प्रयोग मात्र दगडावरच करावा. शेजारचे बाळ आणू नये.)

याचा अर्थ मेंदूचे काही काम नाही असा कोणी काढू नये. थेलेनबाईंनीही तो काढला नव्हता. त्यांचे म्हणणे, चालणे हे एकट्या मेंदूच्या हुकमाने घडत नाही. मेंदू, स्नायूंचे बळ, पायाचे वजन, पायाखालची जमीन आणि पृथ्वीची ओढ या सर्वांच्या देवघेवीतून ते जुळून येते. १९८६ साली त्यांनी सात महिन्यांच्या, अजून न चालणाऱ्या बाळांना सरकत्या पट्ट्यावर आधार देऊन उभे धरले. पट्टा पायाला मागे ओढी, स्नायू ताणले जात आणि पाय आपोआप पुढे येई. बाळे आळीपाळीने पावले टाकू लागली. पुढे २०११ साली नादिया डोमिनिची आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या स्नायूंच्या विद्युत-नोंदी घेतल्या. नवजात पावलांमागे चेतासंस्थेचे दोन मूळ आकृतिबंध दिसले. चालायला लागलेल्या मुलांत ते टिकून होते, त्यांत आणखी दोनांची भर पडली होती. जुने पुसून नवे लिहिले जात नाही, जुन्यावरच नवे चढते. लगामाच्या कल्पनेला हा दुसऱ्या बाजूने मिळालेला धक्का म्हणता येईल.

आतापर्यंत गुरुत्वाकर्षण हे ओझे म्हणून आले. पावले लपवणारे, वाट अडवणारे. पण तेच ओझे स्नायू घडवतेही का? या प्रश्नाचा इतिहास निराळ्या वाटेने जातो आणि ती वाट स्वयंपाकघरातून सुरू होते म्हटले तरी चालेल. कोंबडीच्या तंगडीचे मांस गडद, छातीचे फिकट. फ्रान्समध्ये लुई रांव्हिए यांनी १८७३ च्या सुमारास सशाच्या स्नायूंत असाच लाल-पांढरा भेद पाहिला आणि लाल स्नायू सावकाश आकुंचन पावतात, पांढरे झटकन, हे दाखवले. सावकाश चालणारे स्नायू लवकर थकत नाहीत. म्हणून तासन् तास शरीर तोलून धरण्याचे काम त्यांच्याकडे असते. आपल्या पोटरीतला आतला सोलियस हा स्नायू त्यातलाच. आपण फळ्यापुढे उभे असतो तेव्हा तो अखंड राबत असतो.

हा भेद जन्मतःच असतो का? १९६० साली ऑस्ट्रेलियात आर्थर बुलर, जॉन एक्लिस आणि त्यांची कन्या रोझामंड एक्लिस यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की नवजात पिल्लाच्या पायाचे सगळेच स्नायू संथ असतात. झटकन चालणारे आणि सावकाश चालणारे हा फरक पहिल्या काही आठवड्यांत पडत जातो. शिवाय त्यांनी दोन स्नायूंच्या चेतातंतूंची अदलाबदल करून जोडणी केली, तेव्हा संथ स्नायू जलद होऊ लागला आणि जलद स्नायू संथ. स्नायू कोणत्या प्रकारचा होणार हे त्याच्या पोटात लिहून ठेवलेले नव्हते, त्याला मिळणाऱ्या संदेशांवर ते अवलंबून होते. आणि उभे राहणाऱ्या, तोल सांभाळणाऱ्या प्राण्याच्या सोलियसला सतत संदेश का मिळतात? शरीर खाली ओढले जात असते म्हणून.

वजन काढून घेतले तर काय होते, हे मोठ्या माणसांच्या बाबतीत जून १९७० मध्ये ढळढळीत दिसले. सोयूझ-९ मधून अठरा दिवस अंतराळात राहून आलेल्या निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह यांना जमिनीवर धड उभे राहवेना. पण ते घडलेले स्नायू झिजणे होते. घडायच्या आतच वजन काढले तर? हा प्रयोग मानवी बाळावर कोणी करणार नाही, करूही नये.

तो उंदरांच्या पिल्लांवर झाला. १७ एप्रिल १९९८ रोजी ‘कोलंबिया’ यान ‘न्यूरोलॅब’ ही प्रयोगशाळा घेऊन निघाले आणि सोळा दिवसांनी परतले. बरोबर आई आणि पिल्ले होती, त्यांतली काही अवघ्या आठ दिवसांची. उंदराचे पिल्लू या वयात मागच्या पायांवर धड उभेही राहिलेले नसते, त्याचे डोळेही उघडलेले नसतात. म्हणजे आयुष्यात प्रथमच वजन पेलण्याचा जो काळ, तो या पिल्लांनी वजनाशिवाय काढला. या प्रयोगाची किंमत लपवू नये. भारहीन अवस्थेत आयांकडून पिल्लांची निगा नीट राहिली नाही आणि पिल्ले मोठ्या संख्येने दगावली. यानातले रिचर्ड लिनहॅन हे पशुवैद्य होते. त्यांना आणि सहकाऱ्यांना उरलेली पिल्ले जगवण्यासाठी बरीच धावपळ करावी लागली.

जी परतली त्यांच्या स्नायूंची तपासणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत ग्रेगरी अ‍ॅडम्स, केनेथ बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी केली. पायांचे स्नायू कमी वाढले होते. सर्वांत मोठा फटका बसला होता सोलियसला. त्यात संथ जातीचे मायोसिन, म्हणजे आकुंचन घडवणारे प्रथिन, जेवढे साठायला हवे तेवढे साठले नव्हते आणि जलद जातीचे प्रमाण जास्त होते. इथे चोखंदळ विद्यार्थी विचारील, पिल्ले अर्धपोटीही राहिली असतील, मग दोष भुकेचा की भारहीनतेचा? शंका रास्त आहे. पण भूक काही एकाच स्नायूला वेचून कुरतडणार नाही. नेमका उभे राहण्याचा स्नायूच मागे पडावा आणि तोही आपली संथ जात विसरावा, हे भुकेने सहज उलगडत नाही. सोलियस संथ होतो तो उभे राहायचे असते म्हणून नव्हे, उभे राहिल्यामुळे, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

या इतिहासाचे धागे आज दवाखान्यांत आणि घरांत पोचलेले आहेत. गर्भजलात बाळाचे वजन तोललेले असते. शेवटच्या महिन्यांत मात्र जागा अपुरी पडते आणि अंगाची मुटकुळी केलेले बाळ गर्भाशयाच्या भिंतीला पाय लावून ढकलत राहते. तो त्याचा पहिला व्यायाम. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा तो हुकतो. ते काचेच्या पेटीत निजते तेव्हा दुबळे हातपाय पृथ्वीच्या ओढीने गादीवर चपटे पसरतात. म्हणून परिचारिका कापडाच्या गुंडाळ्यांचे घरटे करून त्याचे हातपाय दुमडलेले राहतील असे त्याला ठेवतात. दुसरा धागा झोपण्याचा. १९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तान्ह्या बाळांना पालथे झोपवू नये असा सल्ला दिला, कारण झोपेतल्या अचानक मृत्यूचे प्रमाण पालथ्या बाळांत जास्त दिसत होते. मृत्यू खूपच घटले. सल्ला आजही तोच आहे आणि तो पाळायलाच हवा. पण पाठीवर झोपणारी बाळे कूस बदलणे, बसणे, रांगणे या गोष्टी थोड्या उशिरा करतात असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. चालण्याच्या वयात मात्र फरक नव्हता. उपाय सोपा निघाला : झोप पाठीवर आणि जागेपणी, कोणी जवळ असताना, थोडा वेळ पालथे. डोके उचलायचे तर मानेने वजन पेलले पाहिजे.

आणि पांगुळगाडा. तीन चाकांचा, लाकडी, दांड्याला धरून ढकलायचा. एका पिढीपूर्वी सुताराकडून करून घेत. त्यामागे मूल स्वतःच्या पायावर उभे असते, सगळे वजन त्याचेच, गाडा फक्त तोल सावरतो. बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा गोल वॉकर याच्या बरोबर उलट आहे. त्यात मूल मधल्या झोळीत बसते, वजन झोळी पेलते आणि पायांची बोटे नुसती जमिनीला चाटून जातात. सीगल आणि बर्टन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा वॉकरमधली बाळे इतरांपेक्षा बसायला, रांगायला आणि चालायलाही उशिरा लागलेली दिसली. कॅनडाने २००४ साली या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. तिचे मुख्य कारण वेगळे होते : त्यात बसलेली मुले जिन्यावरून गडगडत खाली येत.